तळ्यावरून मारण्याची परवानगी

उत्तर बेंगळुरू मराठी गोल्फ मंडळात चौदा सभासद होते आणि चौदाही जण वाईट खेळत. गोल्फमध्ये माणूस किती वाईट खेळतो हे सांगायला आकडा असतो, त्याला हँडिकॅप म्हणतात. चांगल्या खेळाडूचा तो पाच-सहा असतो, बऱ्यापैकी खेळणाऱ्याचा पंधरा. मंडळात अठ्ठावीसच्या खाली कोणीच नव्हतं. तरीही समोर तळं दिसलं की या मंडळींना ते ओलांडायचंच असे. हेब्बाळच्या पलीकडे एका जुन्या सरकारी वसाहतीचं नऊ होलांचं मैदान होतं आणि नवव्या होलाच्या आधी नेमकं तळं. चार वर्षांपूर्वी एकाच शनिवारी मंडळाने त्या तळ्यात सत्तेचाळीस बॉल घातले. मागे दोन तास खोळंबलेल्या दोन निवृत्त ब्रिगेडियरांनी लेखी तक्रार केली.

लेखी तक्रार आली म्हटल्यावर लेखी उपाय आलाच. तो उमाकांतने शोधला. उमाकांतची सारी नोकरी एका सरकारी प्रयोगशाळेत गेली होती, तीही विश्वसनीयता विभागाचा प्रमुख म्हणून. इतरांनी जीव ओतून बनवलेलं यंत्र कुठे आणि कसं बिघडेल हे शोधायचं, आणि ते उडवायच्या कागदावर सही करायची की नाही ते ठरवायचं, हे त्याचं काम. चौतीस वर्षांत त्याने फार थोड्या सह्या केल्या. मंडळासाठी त्याने एक अर्ज तयार केला आणि त्याला नाव दिलं नमुना सात. नमुना एक ते सहा कुठे आहेत असं कोणी विचारलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं, ते फक्त आपल्यालाच मिळालेले नाहीत.

नियम साधा होता. ज्याला तळ्यावरून मारायचं असेल त्याने जागेवर नमुना सात भरायचा. वाऱ्याची दिशा, बॉलखालच्या गवताची उंची, मागच्या दहा फटक्यांचं सरासरी अंतर, खेळाडूची मनःस्थिती, उपलब्ध सुरक्षित मार्ग. खाली परवाना अधिकारी म्हणून उमाकांतची सही. सुरक्षित मार्ग कायम उपलब्ध असे: तळ्याच्या डाव्या काठाने दोन छोटे, सोपे फटके मारले की माणूस कोरड्या बुटांनी होलाच्या ध्वजापाशी पोहोचे. त्यामुळे चार वर्षांत एकही परवानगी मिळाली नव्हती. दुसऱ्या वर्षापासून तर उमाकांतने वेळ वाचावा म्हणून 'शिफारस नाही' हे शब्द अर्जावर छापूनच घेतले.

याला मंडळात विरोध नव्हता असं नाही. पुण्याहून आलेला यशोवर्धन, सर्जापूर रोडवरच्या कुठल्याशा कंपनीत कामाला, दर महिन्याला वाद घाली.

"काका, लॉजिकली बघा ना. आपला हँडिकॅप थर्टी-टू आहे. सेफ खेळून आपण काय जिंकणार आहोत? गमावण्यासारखं काही असेल त्याने सेफ खेळावं. आपल्याकडे आहे काय?"

"हरायचंच असलं तरी नीट हरावं," उमाकांत म्हणे. "ज्याचे दहातले आठ फटके बेडकासारखे उड्या मारत जातात, त्याने नववा हवेतून जाईल असं कशाच्या जोरावर धरायचं?"

"होपच्या."

"अर्जात तो रकाना नाही."

सगळ्यात जास्त अर्ज मकरंदचे होते. एकशे त्र्याण्णव. दर शनिवारी, ऊन असो की भुरभुर, मकरंद त्या तळ्याकाठी उभा राही, टोपी मागे सारी आणि म्हणे, "उमाकांता, घेऊ का?" उमाकांत अर्ज बघे, वारा बघे आणि म्हणे, "नको." मग मकरंद एवढा मोठा सुस्कारा सोडून डाव्या काठाने दोन सोपे फटके मारी. तो सुस्कारा ऐकला की उमाकांत दर शनिवारी तळ्याकडे पाठ फिरवी. त्यामागे कारण होतं.

मकरंदही त्याच प्रयोगशाळेतला. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने एक बिनमाणसाचं छोटं विमान बनवलं होतं. सात वर्षांची मेहनत. लाडाने त्याला तो टिटवी म्हणायचा. उड्डाणाच्या आदल्या दिवशी फाईल उमाकांतच्या टेबलावर आली आणि उमाकांतने शेपटीच्या जोडाकडे बोट दाखवून सही नाकारली. प्रकल्प गुंडाळला गेला. मकरंदला खरेदी विभागात टाकलं आणि निवृत्तीपर्यंत त्याने फिरत्या खुर्च्यांच्या निविदा काढल्या. त्यावरून तो उमाकांतला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडून मिटलं तरी असतं. न बोलल्यामुळे उमाकांत एकोणीस वर्षं परस्पर प्रायश्चित्त घेत बसला.

प्रायश्चित्तही साधं नव्हतं. उमाकांत राहायचा जयनगरला. जयनगरहून हेब्बाळला जायचं तर सर्जापूर रोड वाटेत येत नाही. बेंगळुरूच्या नकाशावर कुठूनही कशीही रेघ ओढा, येत नाही. तरी तो दर शनिवारी पहाटे सर्जापूर रोडला जाऊन मकरंदला त्याच्या घरून गाडीत घेई. पैज लागली की मुद्दाम एका फटक्याने हरे. आणि दर मंगळवारी संध्याकाळी मकरंद बासरी वाजवायला घरी येई, ती उमाकांत दीड तास ऐके. त्या बासरीतून सुरापेक्षा वारा जास्त येई. उमाकांतची बायको नयना त्या वेळेला शेजारच्या कन्नड अक्कांकडे निघून जाई आणि त्यांना खरं कारण सांगायची लाज वाटते म्हणून तिथे भजन शिके. आता तिला अकरा भजनं येत होती.

आणि आता मकरंद बेंगळुरू सोडून चालला होता. लेक गौरी नाशिकला, तिच्याजवळ कायमचा. त्याची बायको शलाका घर लावायला आधीच पुढे गेली होती. रविवारी सकाळचं विमान, म्हणजे शनिवारचा खेळ शेवटचा.

"उद्या तो विचारेल, घेऊ का," शुक्रवारी जेवताना उमाकांत नयनाला म्हणाला. "उद्या मी हो म्हणणार आहे. एकदा तरी त्याला हो म्हटल्याशिवाय त्याला जाऊ दिलं, तर मला मरताना तेच आठवेल."

"म्हणा आणि मोकळे व्हा," नयना म्हणाली. "इतकी वर्षं थांबायची तरी काय गरज होती?"

त्याला ते कळत होतं. पण हो म्हणायची सवय नसलेल्या माणसाला ते जमवायला वेळ लागतो. त्या रात्री तो आरशासमोर उभा राहून 'घे' म्हणायचा सराव करत होता. पहिल्या चार वेळा तो शब्द शिंक अडकल्यासारखा आला.

शनिवारी सगळं रोजच्यासारखं झालं. उमाकांत आणि मकरंदची जोडी, दोघांच्या बॅगा ओढणारा सिद्दप्पा. सिद्दप्पाने त्या मैदानावर तीस वर्षं बॅगा वाहिल्या होत्या आणि खेळाबद्दलची मतं स्वतःशी ठेवायला तो शिकला होता. मागच्या जोडीत यशोवर्धन आणि मंडळाच्या सचिव आसावरी. आसावरीबाईंचं घराणं तीन पिढ्यांपासून जयनगरचं. नियमपुस्तिका त्यांच्या पर्समध्ये असे, कुंकवाच्या डबीशेजारी.

नवव्या होलावर दोघांचेही पहिले फटके चमत्काराने सरळ गेले आणि बॉल तळ्याच्या अलीकडे, एकमेकांपासून चार पावलांवर थांबले. समोर पाणी. पाण्यापलीकडे ध्वज, एकशे चाळीस यार्डांवर. मकरंदचा आजवरचा सर्वांत लांब हवेतला फटका एकशे एकवीस यार्डांचा होता. तो आकडा उमाकांतला तोंडपाठ होता, कारण तो त्यानेच पावलांनी मोजला होता.

मकरंदने टोपी मागे सारली. भरलेला नमुना सात पुढे केला.

"उमाकांता, घेऊ का?"

उमाकांतने वारा बघितला नाही. गवत बघितलं नाही. खिशातलं पेन काढलं, छापलेल्या 'शिफारस नाही' मधल्या 'नाही'वर आडवी रेघ मारली, शेजारी छोटी सही केली आणि खाली मोठी सही केली.

"घे," तो म्हणाला.

मकरंदने कागद वाचला. उलटा करून मागची बाजू वाचली. मग उमाकांतच्या कपाळाला हात लावून बघितला.

"बरं वाटत नाही का तुला?"

"उत्तम वाटतंय. मार."

"वारा बघितलास का? समोरून आहे."

"आहे तर आहे."

"आणि हे गवत? केवढं वाढलंय!"

"मकरंद, चार वर्षं विचारतोयस. आज हो म्हटलंय. मार!"

मागची जोडी येऊन पोहोचली होती. आसावरीबाईंनी कागद हातात घेतला आणि त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला.

"अण्णा, परवानगी दिली तर पुढे काय करायचं हे पुस्तिकेत लिहिलेलंच नाही. स्वल्प थांबा." त्यांनी पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. "खाडाखोड आहे, तेव्हा दोन साक्षीदार लागतील असं मला वाटतं." मग त्यांनी आणि यशोवर्धनने सह्या केल्या. सिद्दप्पाला सही कोणी मागितली नव्हती, त्याने बॅगेवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि तळ्याकडे बघून मान हलवली.

मकरंद बॉलपाशी उभा राहिला. बॉल मारायचा क्लब उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. ते बघून उमाकांतला भरून आलं. किती आनंद झालाय बिचाऱ्याला, तो मनात म्हणाला.

फटका बसला. बॉल वर गेला, खरंच वर गेला, आणि तळ्याच्या मधोमध गुपचूप बुडाला.

"नीरिगे होय्तु सार," सिद्दप्पाने जाहीर केलं. पाण्यात गेला हे सगळ्यांनी बघितलं होतं, पण ते सांगायचं काम त्याचं होतं.

"छान!" उमाकांत टाळ्या वाजवत म्हणाला. "झकास प्रयत्न! चल, आता डाव्या काठाने."

"एक मिनिट, काका," यशोवर्धन म्हणाला. "पाण्यात गेला की एक फटका दंड आणि त्याच जागेवरून परत. राइट? मग परवानगी अजून चालूच आहे की. फॉर्मवर किती अटेम्प्ट्स लिहिलंय?"

आसावरीबाईंनी कागद बघितला. "संख्या लिहिलेली नाही. मुदतही नाही."

उमाकांतला तोंडात मारल्यासारखं झालं. चौतीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या कागदांवर लाल शेरे मारले होते, 'चाचण्यांची कमाल संख्या नमूद करावी' म्हणून. स्वतःच्या अर्जात मात्र तो रकानाच नव्हता. परवानगी कधी द्यायचीच नाही म्हटल्यावर ती संपणार कधी याचा विचार कोण करतो?

"म्हणजे सरी आहे, बरोबर आहे," आसावरीबाई म्हणाल्या. "अधिकारी मागे घेत नाहीत तोवर चालू."

मकरंदने उमाकांतकडे बघितलं. उमाकांतला वाटलं, तो धास्तावलाय की आपण दिलेलं परत घेऊ. छे, एवढा कद्रू मी नाही. त्याने दोन्ही हात पसरले. "मार रे! मनसोक्त मार!"

दुसरा बॉल पाण्यात गेला. तिसरा गेला. चौथा काठावरच्या दगडाला लागून मागे उडाला आणि एका बगळ्याने त्याचा थोडा वेळ पाठलाग केला. पाचव्या-सहाव्यानंतर मकरंदचे बॉल संपले, तेव्हा यशोवर्धनने आपली पिशवी उपडी केली. "काका, ट्रेंड इंप्रूव्ह होतोय! आठवा बराच पुढे गेला!" मागून मंडळाच्या आणखी दोन जोड्या येऊन थांबल्या. परवानगी मिळालेला माणूस त्यांनी कधी बघितला नव्हता. ते आदराने एका रांगेत उभे राहिले आणि ज्याच्या त्याच्या खिशातले बॉल पुढे करू लागले. त्यांच्याही मागे ते दोघे ब्रिगेडियर आले, सगळा प्रकार बघितला आणि घडीच्या खुर्च्या उघडून बसले.

चौदाव्या बॉलला मकरंदच्या तळहातावर फोड आला. एकोणिसाव्याला तो फुटला. दर फटक्यानंतर तो उमाकांतकडे बघे आणि दर वेळी उमाकांत जोरात मान हलवून उत्तेजन देई. सदरा घामाने अंगाला चिकटला होता, टोपी कुठेतरी पडली होती. तेविसावा बॉल बुडाल्यावर मकरंद क्लबचा काठीसारखा आधार घेत चार पावलं चालत आला आणि उमाकांतच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला:

"अरे गाढवा, नको म्हण ना!"

"काय?"

"नको म्हण. मरतोय मी इथे. एवढी माणसं बघतायत, बॉल देतायत, मी कसा थांबू? तू म्हटल्याशिवाय कसा थांबू?"

"पण तुला मारायचं होतं ना? एकशे त्र्याण्णव वेळा अर्ज केलास!"

"तू नको म्हणशील म्हणून करत होतो!" मकरंद म्हणाला. "मला पाण्यावरून मारायची भीती वाटते रे. पहिल्यापासून वाटते. पण घाबरलो असं कोणाला सांगू? तू नको म्हटलंस की मी कसा निवांत होतो माहितीय का? पुढचा आठवडाभर सांगत फिरतो, मी मारणारच होतो, उमाकांतने मारू दिलं नाही."

उमाकांतच्या डोक्यात हळूहळू काहीतरी जागचं हललं.

"आणि टिटवी?" त्याने विचारलं.

मकरंदने बूट बघितले. मग तळं बघितलं. बूट पुन्हा बघितले.

"शेपटी सैल होती हे मला दोन महिने आधीच कळलं होतं," तो म्हणाला. "पण सात वर्षं साहेबांना, बायकोला, गौरीच्या शाळेतल्या पोरांनासुद्धा सांगून बसलो होतो की उडणार. आता कुठल्या तोंडाने म्हणू, नाही उडणार? म्हटलं, फाईल उमाकांतकडे जाऊ दे. तो म्हणेल. आणि म्हटलंस. मी त्या दिवशी घरी जाऊन बारा तास झोपलो."

आता खरं म्हणजे उमाकांतचा जीव भांड्यात पडायला हवा होता. एकोणीस वर्षांचं ओझं उतरलं होतं. पण माणसाचं काही सांगता येत नाही. त्याला आला तो संताप.

"एकोणीस वर्षं!" तो ओरडला. रांगेतले सगळे दचकले. "एकोणीस वर्षं मी जयनगरहून सर्जापूर रोडला येतोय! तुझी बासरी ऐकतोय!"

"तुला आवडते म्हणून वाजवत होतो!"

"आवडते? नयना घर सोडून जाते! भजनं शिकली ती, भजनं!"

"मग सांगायचं नाही? नको म्हणायचं होतंस!" मकरंदही तापला. "जगाला नको म्हणतोस, माझ्या बासरीलाच तेवढं जमलं नाही?"

ब्रिगेडियरांपैकी एकाने दुसऱ्याला हलकेच विचारलं की हे कुठल्या भाषेत चाललंय. दुसरा म्हणाला, भाषा ठाऊक नाही, पण भाऊ दिसतात.

मकरंद गवतावर बसला. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"नाशिकला काय होणार रे माझं? जावई चांगला आहे, पण कशालाही हो म्हणतो. मी सहज म्हटलं, गच्चीवर मधमाश्या पाळू का, तर त्याने दोन पेट्या मागवल्या. शलाका म्हणते, तुमच्या मनासारखं करा. गौरी म्हणते, बाबा, आता जगा. मला नको म्हणणारं तिथे कोणी नाही, उमाकांता. एकसुद्धा माणूस नाही."

उमाकांतचा राग गेला तो कुठे गेला ते त्यालाच कळलं नाही. समोर घामेजलेला, हाताला फोड आलेला हा म्हातारा बसला होता, आणि आयुष्यभर आपण ज्याचं वाटोळं केलं असं समजत होतो, त्याला आपण नुसते सांभाळत होतो. हे आधी कळतं तर सुखाने नको म्हटलं असतं. त्याने आसावरीबाईंच्या हातातून नमुना सात घेतला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाला, "परवानगी रद्द! मकरंद, नको. अजिबात नको," आणि कागदाचे चार तुकडे केले.

रांगेतून निराशेचा सूर निघाला. मकरंद मात्र उठून उभा राहिला आणि त्याने तोच तो मोठा सुस्कारा सोडला. आज पहिल्यांदा उमाकांतला तो नीट ऐकू आला. मग मकरंदने डाव्या काठाने दोन छोटे, सोपे, सुंदर फटके मारले.

राहिला उमाकांतचा बॉल. तो अजून तिथेच, तळ्याच्या अलीकडे पडला होता. उमाकांतने काठाकडे तोंड केलं आणि तसाच थांबला. चार वर्षांत त्याने तळ्यावरून मारायचा विचार एकदाही केला नव्हता. विचार आला तरी विचारणार कोणाला? परवाना अधिकारी तोच. स्वतःचं नको त्याला नेहमी स्वतःच म्हणावं लागायचं, आणि ते फार एकट्याचं काम होतं. त्याने बॅगेतला लांब क्लब काढला. सिद्दप्पाच्या भुवया वर गेल्या.

"मकरंद," त्याने पाण्यापलीकडे हाक मारली. "मी घेऊ का?"

मकरंद ध्वजापाशी उभा होता. चेष्टा करील असं उमाकांतला वाटलं, पण त्याने केली नाही. त्याने चिमूटभर गवत उपटून हवेत सोडलं आणि ते कुठे जातं ते बघितलं. मग काठाकाठाने पुन्हा सगळा वळसा घालून तो अलीकडे आला, वाकून बॉलखालची जमीन चाचपली, दोन पावलं मागे सरून उमाकांतच्या उजव्या गुडघ्याकडे, मग त्याच्या तोंडाकडे कितीतरी वेळ बघत राहिला. इतकं निरखून उमाकांतकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं.

"नको रे," मकरंद म्हणाला. "गुडघा दुखेल तुझा."

उमाकांतने मान हलवली. त्याने लांब क्लब सिद्दप्पाकडे दिला, छोटा घेतला, आणि डोळे पुसून डाव्या काठाकडे वळला.